शहाण्णवची शॅम्पेन

बुकित बातोकला लहान कारखान्यांची एक रांग आहे. टायरचं दुकान, छापखाना, बिस्किटांचं गोदाम आणि त्यांच्या मधे आमचं. बाहेरून साधं पत्र्याचं शटर, आत हजारो वाइनच्या बाटल्या. बाहेर बत्तीस डिग्री, आत तेरा. दोन हजार तीन साल संपता संपता मी तिथे नोकरीला लागले, तेव्हा सगळ्यात आधी मला तापमान लिहायला शिकवलं. सकाळी आल्यावर एकदा आणि दुपारी चारला एकदा. तारीख, वेळ, आकडा, सही.

त्यात मला नवीन काही नव्हतं. त्याच वर्षी सिंगापूरमध्ये सार्सची साथ येऊन गेली होती. शाळेतल्या प्रत्येक मुलाला थर्मामीटर दिलं होतं आणि माझी दहा वर्षांची मुलगी दिवसातून दोनदा स्वतःचा ताप मोजून वहीत लिहायची. मुलांचं मोजणं सुटलं तरी माझं सुटलं नाही, एवढंच.

माझा नवरा त्याच साथीच्या दिवसांत गेला. सार्सने नाही. बँकेत खुर्चीवरून उठताना कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. पहिले तीन दिवस मला त्याच्याजवळ बसता आलं. चौथ्या दिवशी हॉस्पिटलांनी भेटी बंद केल्या. पेशंट अगदी शेवटच्या घटकेला असला तर घरच्या एकाला आत सोडायचे, पण डॉक्टर मला सांगत होते की तो स्थिर आहे. दहाव्या दिवशी दुपारी फोन आला. अंत्यसंस्काराला आम्ही सात माणसं होतो, सगळी मास्क लावून. पुण्याहून सासूबाई निघाल्या होत्या, त्यांना नातेवाइकांनी निघू दिलं नाही. मुलाचं तोंड त्यांना शेवटचं दिसलं नाही. मलाही तो शेवटच्या घटकेला दिसला नव्हता, पण मी तिथे होते आणि त्या नव्हत्या, हा फरक त्यांच्या मनात राहिला. फोनवर त्या एकदाच म्हणाल्या, "तू होतीस ना तिथे?" मी "हो" म्हणाले.

मी रडले नाही. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी मंडळातल्या बायका डबे घेऊन यायच्या, माझ्याकडे बघत बसायच्या, आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. मग एक दिवस लक्षात आलं की मला जेवणाची चव लागत नाहीये. सर्दी नव्हती, काही नव्हतं. वरणभात तोंडात घातला की ऊन आणि मऊ एवढंच कळायचं. मला वाटलं, मीठ विसरलं असेल. वरून घेतलं. तरी तसंच. डॉक्टरकडे गेले नाही. चव नाही ही काही तक्रार करण्यासारखी गोष्ट वाटली नाही.

आम्ही पीआर, म्हणजे इथले कायमचे रहिवासी होतो, त्यामुळे देश सोडून जायची सक्ती नव्हती. माहेरचे म्हणाले, नाशिकला ये. सासूबाई काहीच म्हणाल्या नाहीत. मुलगी म्हणाली, "My school is here, Aai." तिचं शिक्षण, तिच्या मैत्रिणी, तिची भाषा सगळं इथलं झालं होतं. मी राहिले. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने या वाइनवाल्याकडे शब्द टाकला.

बॉस पन्नाशीचे चिनी गृहस्थ होते. तरुणपणी हॉटेलात वेटर होते, तिथेच वाइन शिकले. त्यांनी मला मुलाखतीत दोनच प्रश्न विचारले.

"तुम्ही पिता?"

"नाही."

"बरं झालं. आधीचा प्यायचा. वाइनची माहिती आहे का काही?"

"द्राक्षांची आहे," मी म्हणाले.

ते खरं होतं. माझ्या वडिलांची दिंडोरीकडे द्राक्षबाग होती. एप्रिलची छाटणी, ऑक्टोबरची छाटणी, विरळणी, डाऊनी रोगाच्या फवारण्या, हे सगळं मी शाळेच्या दप्तराबरोबर वागवलं होतं. पण दादांची, म्हणजे वडिलांची, द्राक्षं खायची होती. त्यांची दारू होते हे आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. आईला, आणि पुण्याला सासूबाईंनाही, मी सांगितलं की फूड इंपोर्टच्या कंपनीत आहे. आईने विचारलं, काय आणता? मी म्हणाले, फळांचे रस. ती म्हणाली, छान.

कामाला लागून दीडेक वर्ष होत आलं होतं, तेव्हा फ्रान्सहून ती शॅम्पेन आली. लहानसं घराणं, चार पिढ्या एकाच गावात, स्वतःची बाग, स्वतःचं तळघर. आमचे बॉस त्यांचा माल बरीच वर्षं आणत होते, पण नेहमीचा. नेहमीची शॅम्पेन म्हणजे चार-पाच वर्षांच्या वाइन मिसळून केलेली, दर वर्षी एकाच चवीची. ही तशी नव्हती. एखादं वर्ष फार चांगलं गेलं तर फक्त त्याच वर्षाची द्राक्षं वापरून वेगळी शॅम्पेन करतात, लेबलवर साल छापतात, आणि ती बाटली तळघरात पडून राहते. या बाटल्यांवर शहाण्णव साल होतं. आठ वर्षं त्या खडूच्या दगडात खणलेल्या तळघरात आडव्या पडून होत्या. बॉसनी एक बाटली दोन्ही हातांत धरून उजेडात नेली आणि परत जागेवर ठेवली. "घराण्याच्या मॅडम स्वतः येणार आहेत," ते म्हणाले. "तीन दिवस. तुम्ही त्यांच्याबरोबर राहा."

"मी? मला तर वाइनमधलं काही..."

"त्यांचे मिस्टर त्या शहाण्णव सालीच गेले," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, तुम्ही राहा." आणि त्यांनी फाइल उघडली.

मॅडम पासष्टीच्या असतील. बुटक्या, काटक, सपाट बूट, केस अगदी बारीक कापलेले. विमानतळावर मी नावाची पाटी घेऊन उभी होते, तर माझ्या पाटीकडे न बघता माझ्या हाताकडे बघत त्या आल्या. नंतर म्हणाल्या, पाटी कोण घट्ट धरतं त्यावरून कळतं की कोण पहिल्यांदाच धरतंय. त्यांचं इंग्रजी मोडकं होतं, पण शब्द सावकाश आणि नेमके यायचे. दुसऱ्याच्या भाषेत बोलणाऱ्या दोघींचं जमतं, तसं आमचं जमलं.

पहिल्या दिवशी त्यांना गोदाम बघायचं होतं. हॉटेलात जाऊन आराम करा म्हटलं तर नको म्हणाल्या. टॅक्सीत मी काही बोलायचं म्हणून सांगितलं की आमचीही द्राक्षबाग आहे.

"कुठे?"

"भारतात. मुंबईच्या वर, नाशिक म्हणून गाव आहे."

"छाटणी कधी करता?"

"एप्रिलमध्ये एकदा. मग ऑक्टोबरमध्ये."

त्या वळून बसल्या. "दोनदा? वर्षातून दोनदा?"

"आमच्याकडे थंडीत वेल झोपत नाही. पानं गळून बर्फ पडतो असं काही नाही. म्हणून आम्हीच कापून त्याला सांगतो, आता थांब, आता फूट."

"बिचारा वेल," त्या म्हणाल्या. "त्याला झोपच नाही." मग बाहेर बघू लागल्या. ब्लॉकच्या गॅलऱ्यांतून बांबूवर कपडे वाळत होते. "आमचा चार महिने मेल्यासारखा असतो," त्या म्हणाल्या. "बघवत नाही. पण मला तेच महिने आवडतात."

गोदामात त्या आपल्या खोक्यांपाशी गेल्या, एका बाटलीच्या बुडाला हात लावून बघितला, काट्यावरचं तापमान बघितलं आणि माझी वही मागितली. पानं उलटून आकडे वाचले. दीड वर्षात मी कामाचा एक दिवसही चुकले नव्हते. रविवारी कुलूप असायचं, मग सोमवारी सकाळी आधी तेच. त्यांनी वही मिटून परत दिली.

जेवायला त्यांना हॉटेल नको होतं. जवळच्या हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या आवारात, नेलं. त्यांनी भात आणि कसलासा मासा घेतला, मी माझ्या नेहमीच्या शेवया घेतल्या. टेबलावर लाल चिलीची चटणी होती. मी चमचाभर घेतली, मग आणखी एक, मग तिसरा. मी बोलत होते काहीतरी, बंदराच्या परवान्याबद्दल. मॅडमनी खाणं थांबवलं होतं.

"ते तिखट आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

त्यांनी बोटाचं टोक लावून चाखलं आणि पाणी प्यायल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं. "तुम्हाला लागत नाही," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या.

मी कोणालाच सांगितलं नव्हतं. पण त्यांना उद्या-परवा इथून जायचं होतं. "नाही लागत. काहीच लागत नाही. माझे मिस्टर गेल्यापासून."

"केव्हा गेले?"

"पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भात खायला लागल्या. सांत्वनाचं एक वाक्य त्या बोलल्या नाहीत. मला बरं वाटलं असं म्हणता येणार नाही, पण त्रासही झाला नाही. त्या काळात तेवढंच पुरे असायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नदीकाठच्या एका हॉटेलात जेवणाचा कार्यक्रम होता. मोठ्या हॉटेलांचे वाइन बघणारे लोक, रेस्टॉरंटचे मालक, वर्तमानपत्रात वाइनवर लिहिणारे दोघे, असे पंचवीसएक जण. मी मागे बर्फाच्या बादल्यांपाशी उभी राहून किती बाटल्या उघडल्या ते बघत होते. मॅडम उठून बोलल्या. घराणं कसं सुरू झालं, युद्धाच्या दिवसांत तळघरात गाव कसं राहिलं, नवऱ्याने वडिलांकडून काम कसं शिकून घेतलं. मग शहाण्णवची तोडणी. "ही माझ्या नवऱ्याची शेवटची द्राक्षं," त्या म्हणाल्या. "तो तोडणीतच गेला. पुढचं काम माझ्यावर आलं. हिवाळ्यात मी सगळ्या टाक्या चाखल्या आणि ठरवलं की ही वेगळी बाटलीत भरायची. लोक म्हणाले, फार आंबट आहे. मी म्हणाले, थांबू या."

सगळ्यांनी ग्लास उचलले. मग लिहिणाऱ्यांपैकी एकजण हळूच म्हणाला की अशी त्याने आयुष्यात एक-दोनदाच घेतली असेल. एका रेस्टॉरंटवाल्या बाईंनी मॅडमचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, तुमच्यासारखी जीभ देव सगळ्यांना देत नाही. मॅडम हसल्या. त्यांनीही ग्लास ओठांना लावला होता. मी बाजूने उभी असल्यामुळे मला दिसलं, ग्लासातली पातळी तेवढीच राहिली.

चार वाजता खोली रिकामी झाली. वेटर टेबलांवरचे कापड ओढून काढत होते. मॅडम खिडकीजवळ बूट काढून बसल्या होत्या. एका बाटलीत थोडी उरली होती. मी विचारलं, "टाकून देऊ की बॉसना ठेवू?"

"बसा," त्या म्हणाल्या.

मी बसले.

"मी खोटं बोलले मघाशी," त्या म्हणाल्या. "आठ वर्षं तेच बोलते आहे."

त्या सावकाश सांगू लागल्या.

तोडणीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा नवरा रस काढायच्या प्रेसजवळ क्रेटमधली द्राक्षं बघायला वाकला आणि उठलाच नाही. बाहेर बागेत चाळीस माणसं तोडत होती. ऊन चांगलं होतं. "द्राक्षं थांबत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत होतं. माझे आजोबा गेले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि मागच्या शेडमध्ये खोकी भरणं चालूच होतं. ट्रक यायचा होता.

"चौथ्या दिवशी त्याला पुरलं. त्याच दुपारी मी प्रेसवर होते. मग हिवाळा. चौदा टाक्यांमध्ये कच्ची वाइन. ती चाखायची, कोणती कशात मिसळायची ते ठरवायचं. तो असताना आम्ही दोघं बसायचो. त्याच्याइतकीच माझी जीभ चांगली होती, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मी पहिल्या टाकीतली तोंडात घेतली. काही नाही. थंड, एवढंच. दुसरी. थंड. चौदाही तशाच."

"मग?"

"मग मी कागदावर काहीबाही लिहिलं. दिराला घराणं विकायचं होतं. एका मोठ्या कंपनीशी त्याचं बोलणं चाललं होतं. तो म्हणायचा, ही वाइन म्हणजे लिंबू आहे, हिचं कधी काही होणार नाही, नेहमीच्यात मिसळून टाका आणि मोकळे व्हा. मला जर सांगावं लागलं असतं की मला चवच लागत नाही, तर तो त्याच दिवशी जिंकला असता."

त्यांनी पाय घासले. बाहेर नदीतून पर्यटकांची बोट जात होती.

"माझी सासू आमच्याच घरात होती. ब्याऐंशी वर्षांची. तिचं माझं कधी पटलं नाही. मी दुसऱ्या गावची, बटाटे पिकवणाऱ्यांची मुलगी. तीस वर्षं तिने ते मला विसरू दिलं नाही. शेवटी शेवटी तीच सगळं विसरायला लागली. दिवसातून दहादा विचारायची, माझा मुलगा कुठे आहे? पहिल्या आठवड्यात मी खरं सांगितलं. प्रत्येक वेळी तिला ते नव्याने कळायचं. दहादा. मग मी सांगायला लागले, तळघरात आहे."

"त्यांना पटायचं?"

"तो नेहमी तळघरातच असायचा." मॅडम जराशा हसल्या. "एक दिवस चौदा लहान बाटल्या भरल्या, नंबर घातले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर तिच्यापुढे ठेवल्या. तिला तेव्हा माझं नाव आठवत नव्हतं. पण तिने बाटली नाकाशी धरली, तोंडात घेतली, आणि तिचा चेहरा बदलला. एकदम जुना झाला. मला भीती वाटायची तसा. तिने चार नंबरची बाजूला सारली, नऊ नंबरची सारली. सात, आठ आणि अकरा एकत्र करायला लावल्या. मी हात धुऊन मोजून मिसळलं. तिने घेतलं आणि बराच वेळ गिळलंच नाही. मग म्हणाली, हे त्याला छान जमलंय. त्याला सांग, आता हात लावू नकोस. थांब म्हणावं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"सांगते म्हणाले."

वेटर आमच्या टेबलापाशी आला, बघून परत गेला.

"मी दिराला सांगितलं, मी चाखलंय, मी ठरवलंय. पुढच्या हिवाळ्यात ती गेली. बाटल्या उघडायला अजून सहा-सात वर्षं होती. लोक मला म्हणतात, काय जीभ आहे. मी हसते."

"आणि चव? परत आली तुम्हाला?"

"आली. आधी मीठ. मग बऱ्याच दिवसांनी कॉफी. सगळी नाही आली. ही," त्यांनी बाटलीकडे बोट केलं, "चांगली आहे हे मला कळतं. दुसऱ्यांच्या चेहऱ्यावरून जास्त कळतं."

त्यांनी उरलेली शॅम्पेन दोन ग्लासांत ओतली. मी आयुष्यात कधी घेतली नव्हती. नको म्हणायला हवं होतं, ते सुचलं नाही. एक घोट घेतला. गार होती, जिभेवर टोचल्यासारखं झालं आणि मग जबड्याच्या मागे, कानाखाली, काहीतरी आखडलं.

"काय?" त्यांनी विचारलं.

"आंबट," मी म्हणाले.

"आंबट," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

बस, तेवढंच झालं. पुन्हा घोट घेतला तर काही लागलं नाही. मी तो ग्लास तसाच ठेवला. मॅडम तिसऱ्या दिवशी गेल्या. विमानतळावर त्यांनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले, मला कुठल्या बाजूने वळायचं ते समजलं नाही आणि आमची नाकं आपटली.

रविवारी पुण्याला फोन करायचा आमचा नेम होता. मुलगी दोन मिनिटं बोलायची, मग मी, मग तब्येत, हवा, ठेवते. त्या रविवारी मुलीने फोन माझ्याकडे दिला आणि मी विचारलं, "आई, तुम्ही इथे येता का थोडे दिवस?"

"कशाला?" सासूबाई म्हणाल्या.

खरं तर मी काही ठरवलं नव्हतं. जे तोंडात आलं ते सांगितलं. "मला स्वयंपाकातलं मीठ कळत नाही. चवच कळत नाही कशाची."

"कधीपासून?"

"तेव्हापासून."

"आणि पोरगी तेच खातेय? दोन वर्षं?"

"हो."

"तिकीट काढ," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या मे महिन्यात आल्या. पहिल्या दिवशी मी आमटी-भात केला. त्यांनी एक घास घेतला, पानावरून माझ्याकडे बघितलं आणि मग नातीकडे. "अगं, केवढी खारट आहे ही. तू काही म्हणत नाहीस आईला?"

मुलगी भात कालवत होती. "It's okay lah, Aji," ती म्हणाली. "मी पाणी जास्त पिते."

सासूबाई उठल्या, आमटीत पाणी घातलं, पुन्हा उकळी आणली, आणि आम्ही तिघी जेवलो. माझी मुलगी दोन वर्षं रोज खारट जेवली आणि बोलली नाही. हे मी तेव्हा नुसतं ऐकलं. त्याचं काय करायचं ते मला समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून स्वयंपाक त्या करू लागल्या. आम्ही फार बोलत नव्हतो. मी सकाळी बुकित बातोकला जायचे, बेटाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एमआरटी ट्रेनने, आणि संध्याकाळी परत. त्या खाली बाकावर बसून एका मलय आजीबरोबर हातवाऱ्यांनी बोलायच्या. मग एके दिवशी ऑफिसात फॅक्स आला. मॅडमनी घराणं विकलं होतं, त्याच मोठ्या कंपनीला. कारण लिहिलं नव्हतं, फक्त पुढच्या मालासाठी कोणाशी बोलायचं तो पत्ता होता, आणि खाली हाताने माझ्यासाठी एक ओळ: इथे छाटणी चालू नाही, वेल हिरवे आहेत. बॉसनी फॅक्स दोनदा वाचला. म्हणाले, लेबल तेच राहील, दुसरं काही राहणार नाही.

त्या शनिवारी सासूबाई गॅलरीत गवार निवडत बसल्या होत्या. मी त्यांना मॅडमची सगळी गोष्ट सांगितली. शॅम्पेन म्हणजे काय तेही सांगावं लागलं, फळांच्या रसाचं खोटंही मग उघडं पडलं. सासूची गोष्ट आली तेव्हा त्यांचे हात थांबले.

"तळघरात आहे म्हणाली?"

"हो."

"बरं केलं," त्या म्हणाल्या. "म्हातारीला काय दहादा मारायचं." मग पुन्हा गवारीचे शेंडे मोडू लागल्या. मूठभर शेंगा झाल्यावर, मान वर न करता, म्हणाल्या, "तो एकटा होता का गं तेव्हा?"

दोन वर्षं त्या हेच विचारायच्या थांबल्या होत्या.

"नाही," मी म्हणाले. "नर्स होती. केरळची. त्या दिवशी सकाळी तिने मला फोन केला होता. म्हणाली, दीदी, मी फोन त्यांच्या कानाला लावते, तुम्ही बोला. ऐकू येत असेल."

"मग?"

"बोलले मी."

"काय बोललीस?"

मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. "मला काही सुचेना. स्टोअररूमची किल्ली सापडत नव्हती त्या दिवशी. मी विचारलं, किल्ली कुठे ठेवलीय रे? मग म्हटलं, राहू दे, शोधते. मग नर्सने फोन घेतला. दुपारी गेला तो."

सासूबाईंनी एक शेंग मोडली. "सापडली का?"

"हो. त्याच्या ऑफिसच्या बॅगेत होती."

"तिथेच टाकायचा सगळं," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून."

त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि परत लावला. मी गवारीचं ताट आत नेलं. ओट्यापाशी उभी राहिले. मागून त्या आल्या, मला जरा बाजूला सारलं आणि कढई गॅसवर ठेवली.

चव नेमकी कधी परत आली ते मला सांगता येत नाही. कोणत्या दिवशी, कोणत्या घासाला, असं काही घडलं नाही. सासूबाई परत गेल्यावर कधीतरी मुलीने माझी भाजी खाऊन पाणी मागितलं नाही, तेव्हा मी डब्यातलं मीठ मोजून घातलं होतं की चाखून, ते मला आठवेना.

सासूबाई दोन महिने राहिल्या. पहाटे चांगी विमानतळावर त्यांना सोडायला गेलो तेव्हा त्या नातीला मराठीचाही अभ्यास करत जा म्हणाल्या, ती इथल्या पोरांसारखं होकाराचं "Can, can" म्हणाली. मला म्हणाल्या, "आहे तो गोडा मसाला संपवून टाक. दिवाळीला येताना नवीन आणते." मी "आणा" म्हणाले. त्या सिक्युरिटीच्या रांगेत गेल्या, पिशवी पट्ट्यावर ठेवली, मागे वळून बघितलं नाही, त्यांना तशी सवय नाही. मुलीला शाळेच्या बसवर सोडलं. ऑस्ट्रेलियाचा कंटेनर अकराला यायचा होता, म्हणून मी तिथूनच कामावर गेले.